चादरीखालचा टीव्ही

आज कामानिमित्त एका शाळेत गेलो होतो. भिंतीवर भलामोठा स्मार्ट टीव्ही, त्याच्यावर चादर आणि चादरीला सेफ्टी पिना. रिमोट कपाटात, कपाटाची किल्ली मोठ्या बाईंकडे. म्हणे, "पोरं हात लावतात, बिघडतो." अहो, पोरांनी हात लावायचा नाही तर आणलात कशाला? घरी येऊन दोन तास झाले, डोकं अजून तापलेलंच आहे.

डोळ्यांपुढे सारखा आमचा तो मुलगा येतोय. हर्णैच्या बाजूची शाळा, सातवीचा वर्ग. बाप होडीवर, वाचन कच्चं, म्हणून हा कायम मागच्या बाकावर. भूगोलात भरती-ओहोटीचा धडा चालू होता. फळ्यावर गोल काढून काढून मी थकलो, वर्ग ढिम्म. तेवढ्यात हा मागून म्हणतो, "गुरुजी, आज विनायकी ना? मग तीनला भरती. आजा सांगतो, तिथीची पाऊणपट."

विनायकी म्हणजे चतुर्थी, चाराची पाऊणपट तीन. बरोबर!

माझ्या जुन्या लॅपटॉपवर स्टेलॅरियम होतं, हव्या त्या वेळचं आभाळ दाखवणारं सॉफ्टवेअर. फुकट मिळतं, एकदा उतरवून घेतलं की नेटही लागत नाही. त्यालाच पुढे बसवला. त्यानं दुपारचे तीन लावले, 'ए'चं बटण दाबून वातावरण घालवलं. निळं आभाळ गेलं आणि भर दुपारी चंद्र जवळजवळ डोक्यावर! मग एकेक दिवस पुढे सरकवत गेला. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा डोक्यावर, आणि चंद्रामागून भरतीही तशीच उशिरा. पोरगा उभाच राहिला. "गुरुजी, आज्याचा हिशोब वर हाय!"

मोबाइलनं पोरं बिघडतात म्हणता? बिघडतात, मान्य. व्हिडिओ लावून देऊन स्वतः रजिस्टर भरत बसणारेही पाहिलेत. पण त्या दिवशी त्याच्या हातात माउस दिला नसता, तर तो मागच्या बाकावरच राहिला असता.

साधनं नाहीत असंही नाही. २०१७ पासून सरकारचं अभ्यासाचं दीक्षा ॲप आहे, पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड छापलेत. पण ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, दापोली-मंडणगडात गावंच्या गावं कित्येक दिवस अंधारात होती, आणि वरून 'ऑनलाइन शिकवा'. रेंजसाठी वरच्या कातळाच्या सड्यावर जाऊन बसलेली पोरं मी पाहिलीत. तेव्हा सगळ्यांना डिजिटल हवं होतं. आता शाळेत लाइट आहे, टीव्ही आहे, तर वर चादर!

खरं सांगायचं तर बाईंवर राग नाही. खारा वारा, वरखाली होणारं व्होल्टेज, आणि बिघडला की जाब त्यांनाच. दुरुस्तीला पैसे कोण देणार? टीव्ही देणाऱ्यांनी याचा विचार केला होता का? की फोटो काढला, संपलं?

उद्या शुद्ध षष्ठी. बाईंना आत्ताच फोन केला, लॅपटॉप घेऊन येतो म्हटलं. त्या म्हणाल्या, "या गुरुजी, किल्ली काढून ठेवते." साडेचारला भरती. आधी टीव्हीवर चंद्र दाखवणार, मग सगळ्यांना घेऊन पुळणीवर.