आधी ओढा, मग बोला

स्पोर्ट्स कार लीजवर आत्ता घ्यावी की थोडं थांबावं, हा आजवर माझा खाजगी प्रश्न होता. गेल्या शनिवारपासून तो सार्वजनिक झाला आहे.

शोरूममधली ती दोन सीटांची गाडी. छत जमिनीपासून जेमतेम सव्वा मीटरवर. आत बसायला काही लागत नाही. पाय टाकायचा, अंग सोडून द्यायचं, बाकीचं गुरुत्वाकर्षण बघून घेतं. उतरताना तेच गुरुत्वाकर्षण पक्ष बदलतं. सेल्समन कोटेशन आणायला गेला होता आणि माझा उजवा पाय बाहेर, डावा पेडलपाशी आणि मधला भाग अनिर्णित, अशी अवस्था होती.

तेवढ्यात समोर एक हात आला. आपल्या गाडीचं सर्व्हिसिंग होईपर्यंत शोरूमभर फिरणारे एक काका. खिशाला दोन पेनं, दुसऱ्या हातात टोकन. मी विश्वासाने हात दिला. त्यांनी तो घट्ट धरला, मला सीटपासून चार बोटं वर उचललं आणि तिथेच थांबून विचारलं,

"लीज की विकत?"

"लीज. जरा ओढा ना."

"ओढतो हो. किती महिने?"

"छत्तीस."

"मनी फॅक्टर काय सांगितला?"

"पॉइंट झिरो झिरो टू फाइव्ह. काका, ओढा."

काकांचा चेहरा उजळला. "बघा! ऐकताना वाटतं, काहीच नाही. आता 2400 ने गुणा."

माझ्या मांडीत गोळा यायला लागला होता. "नंतर गुणतो."

"नंतर कोणी गुणत नाही. गुणा!"

"सहा."

"सहा टक्के! वर्षाचं व्याज. पण तोंडाने सहा म्हणणार नाहीत. सहा म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करतं, पॉइंट झिरो झिरोशी कोण घासाघीस करणार?"

माणूस हुशार होता, हे मला आजही मान्य करावं लागतं. लीजच्या हप्त्यात तुम्ही मुख्यतः गाडीच्या किमतीतली घट भरता. आजची ठरलेली किंमत वजा रेसिड्युअल व्हॅल्यू, म्हणजे मुदत संपताना गाडीची उरेल असं धरलेली किंमत, भागिले महिने. त्यावर व्याज, कर आणि बारीक अक्षरात बरंच काही. नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांतच सगळ्यात जोरात उतरते, आणि नेमकी तीच वर्षं आपण भाड्याने घेतो. हे सगळं मला खुर्चीत बसूनही समजलं असतं.

"म्हणून सांगतो, थांबा," काका म्हणाले आणि हात सैल सोडला. मी सीटवर आपटलो. "नवीन मॉडेल आलं की जुन्या स्टॉकवर सूट मिळते." मग एकदम काहीतरी आठवून त्यांनी मला पुन्हा वर ओढलं. "पण तेव्हा रेसिड्युअलही खाली धरतात! हप्ता होता तिथेच. मग आत्ताच घ्या." पुन्हा विचारात पडले, पुन्हा ढील. "पण व्याज उतरलं तर?" 'घ्या' म्हणताना वर, 'थांबा' म्हणताना खाली. विहिरीतल्या बादलीसारखा मी बाजाराच्या अंदाजाबरोबर हेलकावे खात होतो.

एव्हाना बघे जमले होते. वॉचमन दार सोडून आत आला होता. एका लहान मुलीने आईला स्पष्ट विचारलं, "आई, त्या आजोबांना बाहेर काढतायत का?" आजोबा म्हणजे मी. काका माझ्यापेक्षा किमान पंधरा वर्षांनी मोठे आणि ताठ उभे. त्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांनी मला एकदाचं बाहेर काढलं.

सेल्समन नेमका तेव्हाच आला. माझ्या गुडघ्यांकडे बघत म्हणाला, "सर, आपल्याकडे उंच सीटिंगवालीही आहे." आणि मी काही बोलायच्या आत त्याने फॉर्मवर 'पसंती' या रकान्यात काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं. वाकतानाही त्रास झाला, पण वाचलं: एसयूव्ही.

त्या तीन अक्षरांचा राग अजून गेलेला नाही. पण त्याहून जास्त राग येतो तो 'थांबा'वाल्यांचा. थांबलेल्यांच्या हाती काय लागलं? ऑडी टीटी 1998 पासून बनत होती, 2023 मध्ये बंद. जग्वार एफ-टाइप 2024 मध्ये गेली. निसानची आर-35 जीटी-आर 2007 पासून तग धरून होती, तीही 2025 मध्ये संपली. थांबणाऱ्यांनी श्रद्धांजलीचे लेख वाचले. आता येतायत बॅटरीवाल्या. ह्युंदाईच्या आयोनिक 5 एनमध्ये तर गिअर नसताना गिअर पडल्याचा झटका आणि स्पीकरमधून इंजिनाचा आवाज मिळतो. वेगाला तोड नाही म्हणतात. असेल. मला निदान खोकला तरी खरा हवा.

आणि 'घ्या'वाले? त्यांचा करार वाचा. वर्षाला अमुक किलोमीटर, वर गेलात तर दर किलोमीटरला दंड. म्हणजे जिचा उपयोगच विनाकारण लांब फिरणं हा आहे, ती गाडी 'फार फिरू नका' या अटीवर. टायर झिजले, भरा. जाड ओरखडा, भरा. मध्येच परत करायची म्हटलं, तर विचारूच नका. छत्तीस महिन्यांनी गाडीची किंमत किती उरेल, हे आधीच टक्क्यांत लिहून देतात. माझ्या गुडघ्यांची रेसिड्युअल कोणी धरत नाही, आणि खरं गणित तर तिथेच आहे.

काकांचं टोकन लागलं तसे ते निघाले. जाताना म्हणाले, "मी सांगितलं म्हणून घेऊ नका हं." नक्की काय सांगितलं, ते सांगायला थांबले नाहीत.

आज सकाळी शोरूममधून फोन. "सर, कोटेशन महिनाअखेरपर्यंतच आहे."

"पुढच्या महिन्यात काय बदलणार?"

"रेसिड्युअल बदलू शकतं, सर."

"वर की खाली?"

"ते आम्हालाही वरून येतं, सर. पण तुमची ती उंचवाली तयार आहे. दाराशी फूटस्टेपही बसवून देऊ."