आधी गाळाचं बोला
गोव्यातल्या लोहखनिज खाणींवरच्या या लेखात म्हटलंय खाणी पुन्हा सुरू झाल्या की रोजगार येईल, मान्य, पण पाण्याचा विषय एका ओळीत संपवलाय. आमचं शेत डिचोली तालुक्यात, डंपच्या, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगाच्या, खालच्या अंगाला. पावसात लाल गाळ व्हाळातून (ओढ्यातून) थेट शेतात उतरतो, सुकला की वर कडक पापुद्रा धरतो, भात रुजतच नाही. आणि खाणीच्या खंदकातलं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसलं की भूजल खाली जातं, विहिरी आटतात, मग वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, कशावर करायचं? आमच्याच तालुक्यातल्या शिरगावात हेच झालं ना. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने खाणकाम थांबवलं, तरी गाळ आहे तिथंच आहे. ज्या कोंडीत (डोहात) आम्ही पोहायला शिकलो तिथं आता गुडघाभर चिखल, पोरांना पाठवायची हिंमत होत नाही हो.