लोफोटेनच्या हिवाळ्याला घाबरा, पण खऱ्या कारणासाठी

निसर्गाचे फोटो काढायला परदेशी जाणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला हातोहात फिरतोय. नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात सॅक पाठीला लावून जाणं म्हणजे पैशांचा चुराडा, असं त्याचं म्हणणं. दिवसभर काळोख, उणे तीसची थंडी, तासाभरात बाद होणारा कॅमेरा, तंबूला बंदी आणि फोटोत पांढऱ्या रंगाशिवाय काही नाही. शेवटी एक पुस्ती असते: गेलातच तर रेइनेब्रिंगेन डोंगराच्या पायऱ्या चढून वरून एक फोटो घ्या, पायऱ्या झाल्यापासून तिथे धोका उरलेला नाही.

या सल्ल्याने जिथे घाबरवलंय तिथे घाबरण्याचं फारसं कारण नाही, आणि जिथे निर्धास्त केलंय तिथे जीव जाऊ शकतो. माझा आक्षेप मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीला आहे.

आधी काळोखाचं बघू. लोफोटेन 68 अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुववृत्ताच्या वर आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत तिथे सूर्य उगवत नाही, हे खरं. पण 21 डिसेंबरलाही दुपारी तो क्षितिजाच्या जेमतेम दीड-दोन अंश खाली असतो. त्यामुळे पाचेक तास चांगला संधिप्रकाश मिळतो. बर्फावर निळी छटा, दक्षिणेच्या आभाळात गुलाबी-केशरी पट्टा, आणि सावली कुठेच नाही. 10 फेब्रुवारीच्या सुमारास दिवस सात तासांचा होतो आणि महिनाअखेरीस नऊ तासांच्या पुढे जातो. त्या सात तासांत सूर्य भर दुपारीही सात-साडेसात अंशांच्या वर चढत नाही. इतरत्र ज्या तिरप्या सोनेरी उजेडासाठी पहाटे उठावं लागतं, तो इथे आभाळ मोकळं असेल तर दिवसभर टिकतो. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तर सूर्य मावळतच नाही, त्यामुळे उत्तर ध्रुवीय प्रकाश (नॉर्दर्न लाइट्स) दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तो पाहायचा तर रात्र हवी, आणि हा प्रकाश जिथे नेहमी दिसतो त्या पट्ट्याखालीच लोफोटेन असल्याने आभाळ निवळलं की त्यासाठी मोठं सौर वादळ लागत नाही. माझ्या मते फोटोसाठी फेब्रुवारी-मार्चइतका चांगला काळ तिथे दुसरा नाही.

उणे तीसचा आकडा बहुधा नॉर्वेच्या अंतर्भागातून आला असावा. फिनमार्कमधल्या कारासयोकला 1886 साली उणे 51.4 अंशांची नोंद झाली होती, तोच देशाचा विक्रम. लोफोटेन मात्र समुद्रात आहे आणि अटलांटिकचा उबदार प्रवाह त्याला लागून वाहतो. किनाऱ्यावर जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास असतं. आता कोणी म्हणेल, मग तर सोपंच आहे. तसं मुळीच नाही. शून्याच्या आसपासची थंडी म्हणजे आत्ता हिम, तासाभराने पाऊस, रात्री पुन्हा गोठण. पिसांचं जॅकेट आणि पिसांची स्लीपिंग बॅग भिजली की त्यांची ऊब जाते, आणि तंबूत ती वाळत नाहीत. उणे तीसची तयारी करून गेलेला माणूस इथे ओल्याने गारठतो. वरचा थर पाणी अडवणारा हवा, आतले लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे, आणि एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फक्त झोपण्यासाठी राखलेला. स्टोव्हसाठी नुसत्या ब्युटेनचा गॅस शून्याखाली वायूरूपच घेत नाही, म्हणून प्रोपेन मिसळलेला कॅन घ्या.

तंबूला सरसकट बंदी आहे, हे चूक. नॉर्वेच्या 1957 च्या कायद्याने मोकळ्या निसर्गात फिरण्याचा आणि मुक्कामाचा हक्क सगळ्यांना, परदेशी माणसालाही, दिला आहे. वस्तीच्या घरापासून किमान 150 मीटर लांब राहायचं आणि एका जागी दोन रात्रींपेक्षा जास्त थांबायचं असेल तर जागामालकाची परवानगी घ्यायची. शेतजमीन यात येत नाही. गर्दीच्या काही जागी स्थानिक मनाई असते, तिथे फलक असतात. ते पाळलेच पाहिजेत. खरी अडचण वाऱ्याची. नेहमीच्या खुंट्या हिमात धरत नाहीत. कापडी पिशवीत हिम ठासून भरायचं, तिला दोरी बांधून ती आडवी पुरायची आणि वरून पायाने दाबून थोडा वेळ बसू द्यायची. मग ती हलत नाही. वादळाचा अंदाज असेल तर तेही करू नका, छपराखाली खोली घ्या.

कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. थंडीत लिथियम बॅटरीचा आतला रोध वाढतो, व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होतो. बॅटरी मेलेली नसते; आतल्या खिशात ऊब मिळाली की ती पुन्हा चालते. गोठलेली बॅटरी चार्जिंगला मात्र लावू नका, त्याने कायमचं नुकसान होतं. उबदार खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला, म्हणजे दव पिशवीवर बसतं, लेन्सवर नाही. किनाऱ्यावर थंडीपेक्षा खारे तुषार जास्त त्रास देतात, आणि ट्रायपॉडच्या सांध्यांत वाळू-मीठ जातं. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवायलाच हवेत.

आणि सगळं पांढरं? स्कागसांडेनच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी हिम पुसून नेतं आणि ओहोटीला काळ्या-पांढऱ्या वाळूच्या रेघोट्या उघड्या पडतात. समुद्र गोठत नाही. हामनोयच्या लाल कोळीघरांमागे काळे कडे उभे असतात, कारण तितक्या उभ्या खडकावर हिम टिकत नाही. फेब्रुवारीपासून लाकडी मांडवांवर कॉड मासा वाळत टांगलेला असतो. पांढरा बर्फ फोटोत राखाडी येतो, तो कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरचा दोष: कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या रंगाचं समजतो. एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड वाढवा.

आता ती पुस्ती. रेइनेब्रिंगेन 448 मीटर उंच. नेपाळहून आलेल्या शेर्पांनी तिथे जवळजवळ दोन हजार दगडी पायऱ्या बांधल्या, काम अप्रतिम आहे. पण ती वाट उन्हाळ्याची. हिवाळ्यात पायऱ्या हिमाखाली गडप होतात आणि उरतो तो नुसता तीव्र उतार. तीस अंशांहून तीव्र उतारावरचं हिम सुटू शकतं, आणि त्या उताराच्या पायथ्याशी उभा असलेला माणूसही त्याच्या तडाख्यात येतो. पायऱ्यांनी यातलं काहीही बदललेलं नाही. नॉर्वेत ‘वार्सोम’ या सरकारी संकेतस्थळावर लोफोटेनसाठी हिवाळ्यात रोज हिमस्खलनाचा अंदाज येतो, 1 ते 5 अशा श्रेणीत. 2 म्हणजे निर्धोक नव्हे, आणि 3 ला तर अनुभवी स्थानिकही उतार टाळतात. हिमस्खलनाचं प्रशिक्षण नसेल, सोबत हिमाखाली गाडलेल्याला शोधायचं यंत्र, काठी, फावडं आणि ते वापरता येणारा साथीदार नसेल, तर हिवाळ्यात हा चढ आपल्यासाठी नाही. वरून दिसणाऱ्या त्या फोटोसाठी ऑगस्टमध्ये जा. हिवाळ्यात रेइनेचं गाव, हामनोयचा किनारा, स्कागसांडेनची वाळू, उट्टाक्लेइव्हचे गोल दगड, हे सगळं रस्त्यालगत आहे. तिथेही ओल्या दगडांवर बुटांना काटे लावा आणि लाटांकडे पाठ करू नका.

हा सल्ला तुमच्याकडे आला तर पुढे पाठवण्याआधी किमान ती शेवटची ओळ काढून टाका.