घोडा केवढ्याला?

खानदेशातल्या सारंगखेड्याला रेल्वेने जायचं तर मुंबईकराला आधी गुजरातेत जावं लागतं. बांद्रा टर्मिनसहून रात्रीची गाडी धरायची, सुरतेला वळायचं, ताप्ती लाइनीने परत महाराष्ट्रात शिरायचं आणि दोंडाईच्याला कुडकुडत उतरायचं. मुंबईकराकडे स्वेटर असतो एकच, माथेरानसाठी घेतलेला आणि लग्नाआधीच्या मापाचा.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा बाजार. आमचा अख्खा कबिला तिथे निघाला तो सासऱ्यांमुळे. त्यांना घोड्यांतलं कळतं, असं सासरी मानतात. त्यांनी घोडे पाहिलेत ते महालक्ष्मीला, दुर्बिणीतून, आणि त्यांनी पैसे लावलेला बहुतेक शेवटून दुसरा.

आम्हाला अंघोळीला बादलीभर गार पाणी मिळालं. बाजारात मात्र एकेका घोड्याला दोन-दोन माणसं खरारा करत होती आणि तिसरा चण्यांचा तोबरा घेऊन अदबीने उभा. इतकी सेवा माझी बारशालाही झाली नसेल.

एका नुकऱ्यापाशी, म्हणजे पांढऱ्याशुभ्र घोड्यापाशी, आम्ही थांबलो. मालकाने आधी कान दाखवले. मारवाडी घोड्याच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. मग ओठ वर करून दात दाखवले. पाच वर्षांचा होईपर्यंत पुढचे दुधाचे दात पडून पक्के आलेले असतात, म्हणून वय तोंडात बघायचं. सासऱ्यांनी चष्मा बदलून इतक्या आत डोकावून पाहिलं की घोडाच संकोचला. शेजारच्या गिऱ्हाइकाला मात्र दातांचं काही नव्हतं. तो अंगावरचे केसांचे भोवरे मोजत होता. भोवरा चांगल्या जागी असला तर घोडा लक्ष्मी आणतो, वाईट जागी असला तर मालकाला खातो म्हणे.

तेवढ्यात बायकोने विचारलं, "केवढ्याला?"

हा प्रश्न ती दादरच्या मंडईत ज्या सुरात विचारते, अगदी त्याच सुरात.

"अकरा लाख, ताई."

"काहीतरी नीट सांगा."

झालं. पुढचं सगळं तिच्या हातून आपोआप होतं. निम्म्याच्या खाली मागायचं, "राहू दे" म्हणायचं आणि चालायला लागायचं. मागून "ओ ताई, या तर खरं" ऐकू आल्यावर आपण घोडा घ्यायला आलेलो नाही, हे ती साफ विसरली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, आपलं पार्किंग रिकामंच असतं."

"नऊ" ऐकून मी पुढे होणार, एवढ्यात मालकाने सासऱ्यांचा हात हातात घेतला आणि वरून उपरणं टाकलं. जनावरांच्या बाजारात खरा भाव असा कापडाखाली बोटं दाबून ठरतो, बघणाऱ्यांना कळू नये म्हणून. सासऱ्यांना वाटलं, माणूस प्रेमळ आहे. त्यांनीही प्रेमाने बोटं दाबली. किती दाबली, कोणती दाबली, देव जाणे. मालकाचा चेहरा उजळला. मागून कुणीतरी "जमलं, जमलं!" ओरडलं. एकाने सासऱ्यांच्या कपाळाला गुलालही लावला.

मी सोसायटीचे नियम सांगायला लागलो. "लिफ्ट आहे ना?" मालकाने विचारलं. चेष्टा होती की चौकशी, कळेना.

इतका वेळ सासूबाई घोड्याभोवती शांतपणे फिरत होत्या. पोटाशी वाकल्या, चष्मा सरळ केला आणि भर बाजारात म्हणाल्या, "अगंबाई, इथे भोवरा!"

गर्दी एक पाऊल मागे सरली. मालक "माई, हळू बोला" म्हणत घाईघाईने घोड्यावर झूल टाकू लागला. पाच मिनिटांत आम्ही शेवभाजीच्या टपरीवर होतो.

परतीच्या गाडीत सासरे नंदुरबारपर्यंत गप्प होते. मग एकदम उसळले, "इतकं उमदं जनावर हातचं घालवलंस! कुठे होता गं भोवरा? आणि तुला कधीपासून कळायला लागलं त्यातलं?"

सासूबाई दशम्यांचा डबा उघडत म्हणाल्या, "लग्नाआधी तुमच्या डोक्यावरचे बघायचे राहिले ना, तेव्हापासून."