फॉर्म भरण्याआधी एकदा पुष्पबागेत जाऊन या

परवा रात्री बडोद्यातल्या दांडिया बाजारात भावाकडे जेवायला होते. जेवणं आटोपल्यावर भावाने लॅपटॉप उघडला आणि भाचीचे इंजिनिअरिंगचे चॉइस भरायला घेतले. पहिलं कॉम्प्युटर, दुसरं आयटी, तिसरं पुन्हा कॉम्प्युटर, फक्त कॉलेज वेगळं. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, ती स्वयंपाकघरात पोळ्यांचा डबा आवरत होती. तिला कुणी हाक मारली नाही. मीही नाही मारली, आणि ते मला अजून टोचतंय.

तिला फाइन आर्ट्सला जायचंय, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुष्पबागेत, म्हणजे सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत, घेऊन गेले. जन्म बडोद्यात गेला, पण त्या आवारात मी पहिल्यांदाच पाऊल टाकलं. ग्राफिकच्या, म्हणजे छापचित्रांच्या, स्टुडिओत केरळहून आलेला एक मुलगा प्रिंट काढत होता. ॲसिडने पत्र्यावर उठवलेल्या रेघांत त्याने शाई भरली, वरवरची शाई जाळीच्या कापडाने पुसली, ओलसर कागद पसरून प्रेस फिरवला. मग कागद एका कोपऱ्याला धरून अलगद उचलला. पोरगी श्वास रोखून बघत होती. पत्रा ॲसिडात किती वेळ ठेवता? एखादीच रेघ जाड कशी करता? अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत अभ्यासाबद्दल असं काही विचारताना मी तिला पाहिलं नव्हतं.

१९५० मध्ये ही फॅकल्टी निघाली, तेव्हा चित्रकला शिकवायला ना. श्री. बेंद्रे आले, इंदूरचा मराठी माणूस. भूपेन खख्खर तर चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये मुंबई सोडून इथे शिकायला आले आणि हिशेबाचं काम सांभाळून चित्रं काढत राहिले. देशभरातली मुलं बडोद्याला धडपडत येतात आणि आपल्या घरातल्या यादीत त्या जागेचं नावसुद्धा नसतं!

ज्या इंजिनिअरिंगसाठी भाऊ जीव टाकतोय, ती फॅकल्टीसुद्धा सयाजीराव महाराजांच्या १८९० च्या कलाभवनातूनच वाढली. यंत्रं, विणकाम, रंगकाम, चित्रकला तिथे एकत्र नांदत होती. दादासाहेब फाळके तिथलेच. पोटापाण्याचं शिक्षण वेगळं आणि कलेचं वेगळं, ही भिंत महाराजांनी घातलेली नाही, आपण घातली.

भावाची काळजी मला कळते. घराचा हप्ता चालू आहे, धाकट्याची शाळा आहे, आणि चित्रकाराला महिन्याच्या महिन्याला पगार कोण देणार, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून इंजिनिअरिंगचा फॉर्म भरूच नको, असं मी म्हणत नाही. भर. पण फाइन आर्ट्सची प्रवेश परीक्षाही तिला देऊ दे, आणि यादीचा क्रम लावताना लॅपटॉपसमोर तिला बसव. चार वर्षं वर्गात ती बसणार आहे.

रावपुरा, दांडिया बाजारातल्या ज्या घरांतली मुलं फाइन आर्ट्सला शिकून आज आपल्या पायावर उभी आहेत, त्यांनी कृपा करून माझ्या भावाशी एकदा बोलावं. नंबर माझ्याकडून घ्या. तो रात्री नऊनंतर घरी असतो.