बोंबील गरज, पापलेट चैन

पगाराचे तीन भाग करायचे: पन्नास टक्के गरज, तीस टक्के चैन, वीस टक्के बचत. ऑफिसातल्या एका तरुण पोराने जेवणाच्या सुट्टीत हे मला दोन मिनिटांत समजावलं. तो अजून आईवडिलांकडे राहतो आणि डबाही आईच देते, हे नंतर कळलं.

मी यात अगदीच नवखा नव्हतो. 2025 च्या जानेवारीत एकदा घरखर्चाचं बजेट मांडलं होतं. फेब्रुवारीत रिक्षाचं किमान भाडं 23 चं 26 झालं आणि मेमध्ये बेस्ट बसचं 5 चं थेट 10. मी वही उघडली की वरून कुणीतरी डोकावून बघतं, असा मला तेव्हापासून संशय आहे.

या खेपेला मात्र भांडुपच्या आमच्या वन बीएचकेमध्ये रीतसर बैठक भरवली. मी, बायको, आई आणि दहावीतली लेक. नवी वही, पानावर तीन रकाने. घराचा हप्ता, लाइटबिल, गॅस, क्लासची फी हे सगळं भराभर गरजेत गेलं. बचतीचा रकाना अगदीच ओकाबोका दिसत होता म्हणून मेंटेनन्समधला सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते ते पैसे, मी तिथे लिहायला घेतला.

"अहो, नावातच बुडतोय तो," बायको म्हणाली. खोडला.

गाडं अडलं ते माशांपाशी. मी 'मासे' चैनीत लिहिले. आई मूळची मालवणची. तिने चष्मा काढून वाटाण्यांच्या सुपात ठेवला.

"म्हणजे तुझ्या बाबांनी जन्मभर चैनच केली म्हणायची."

पाऊण तास वाटाघाटी चालल्या. बोंबील, मांदेली, बांगडा गरज. पापलेट चैन. सुरमई पाहुणे आले तर गरज, एरवी चैन. पाहुणे माहेरचे असले तरीही गरजच, ही दुरुस्ती बायकोने तिथल्या तिथे मंजूर करून घेतली. कोलंबीवर लेकीने डोळ्यांत पाणी आणलं, तेव्हा तीही गरजेत गेली.

मला वाटलं, सुटलो. पण जून-जुलैत यांत्रिक होड्यांना 61 दिवस बंदी असते. ताजी मासळी महागते. मग बोंबील त्या दोन महिन्यांपुरता चैनीत जातो का?

"तेव्हा सुके खायचे," आई म्हणाली. आणि सुके भरायचे मेमध्ये, म्हणजे जूनची गरज मेच्या पानावर. त्याच मेच्या पानावर वर्षाचा मसाला, आंबे आणि चार लग्नांचे आहेर आधीच दाटीवाटीने बसले होते.

"श्रावणात तरी बचत होईल," मी आशेने म्हणालो. बायकोने साबुदाणा, वरी, राजगिरा, शेंगदाणे, केळी यांचे भाव एका दमात म्हणून दाखवले. आपल्याला उपास परवडत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तरी महिनाभर वही लिहिली. अखेरीला 1,340 रुपयांचा मेळ लागेना. लेक म्हणाली, "बाबा, यूपीआयची हिस्ट्री बघू या ना." मोबाइल माझाच होता. मी नको म्हणायच्या आत तो टेबलाच्या मध्यभागी गेला.

हा प्रकार म्हणजे निव्वळ ओळखपरेड. भाजीवाला, इस्त्रीवाला, रिक्षावाले, सगळे तिथे बँक खात्यावरच्या पूर्ण नावाने हजर. ज्यांना आम्ही वर्षानुवर्षं 'नारळवाले मामा' म्हणतो, त्यांचं नाव त्या रात्री कळलं. 900 रुपये असेच ओळखीचे निघाले. उरले 440.

"हे कोण?" बायकोचं बोट एका नावावर थांबलं. "वीस रुपये, वीस रुपये, वीस रुपये... बावीस वेळा. रोज सकाळी आठ दहाला."

लेकीने गुणाकार केला. 440 बरोबर.

मी 8.17 ची लोकल पकडतो. आठ दहाला मी कुठे असतो, हे भांडुप स्टेशनबाहेरची कढई आणि मी, एवढ्या दोघांनाच ठाऊक होतं. डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलचा आकडा सांगितल्यापासून माझ्या डब्यात दोन फुलके आणि दुधी असतो.

"वडापाव," आई म्हणाली. तिचा मासळीचा राग अजून उतरला नव्हता. "गरजेत लिहू की चैनीत?"

बायको काही बोलली नाही. तिने पट्टी घेतली, चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं: 'यांचं गुपित'.

सोमवारी सकाळी मी एटीएममधून पाचशेची एक नोट काढली. सुट्टे करायला वडापावच्या गाडीवरच गेलो.