ईझ लावूनही फोटो हलतोच? तुमच्या प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं : लेखात सांगितल्याप्रमाणे प्रीमियर प्रो या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये फोटोला पोझिशनचे कीफ्रेम (कुठल्या क्षणी फोटो कुठे असावा याच्या खुणा) दिले, ईझ इन आणि ईझ आउट (थांबताना-निघताना वेग हळूहळू बदलणं) लावलं, तरी फोटो मधल्या थांब्यावर स्थिर राहत नाही, झूम केला की मऊ, म्हणजे धूसर दिसतो, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार प्रीसेट (आधीच सेव्ह केलेल्या सेटिंग्ज) बरे.

हलण्याचं आधी. ईझचा संबंध फक्त वेगाशी. फोटो कुठल्या वाटेनं जाणार हे स्पेशियल इंटरपोलेशन ठरवतं, आणि पोझिशनला ते आपोआप ऑटो बेझिअर, म्हणजे वक्र वाटेचं मिळतं. तुम्ही दिलेले पोझिशनचे आडवे आकडे (पिक्सेलमध्ये) ७२०, ९६०, ९६०, १२०० असे आहेत. मधले दोन सारखे असले तरी त्यांच्यामधली वाट वक्र राहते. म्हणून फोटो ९६० वरून जरासा पुढे जातो, मागे येतो आणि मग १२०० कडे निघतो. इफेक्ट कंट्रोल्स पॅनेलमध्ये चारही कीफ्रेम सिलेक्ट करा, राइट क्लिक करून स्पेशियल इंटरपोलेशनमध्ये लिनिअर (सरळ वाट) निवडा. वेग ठरवणाऱ्या टेम्पोरल इंटरपोलेशनच्या मेन्यूला हात लावू नका. तुमचा ईझ तिथे आहे.

एवढं करूनही बारीक झटका राहिला तर कीफ्रेम मोजा. स्टॉपवॉच (कीफ्रेम नोंदवणं चालू करणारं चिन्ह) चालू असताना प्लेहेड (टाइमलाइनवरची सध्याची जागा दाखवणारी रेघ) एक फ्रेम जरी बाजूला असला आणि तुम्ही आकडा बदलला, तर जुना कीफ्रेम तसाच राहून शेजारी नवा बसतो. प्लेहेड माउसनं ओढत बसू नका, कीफ्रेमच्या बाजूच्या छोट्या बाणांनीच उड्या मारा.

आता मऊपणा. तुमचा फोटो ६०००×४००० पिक्सेल, सीक्वेन्स (ज्या टाइमलाइनवर व्हिडिओ जुळवता ती) १९२०×१०८०. ‘स्केल टू फ्रेम साइझ’ केलंत की फोटो आधी फ्रेमच्या मापात आकसतो आणि १०० टक्क्यांच्या पुढचा झूम त्या आकसलेल्या चित्रावर होतो. मग मऊ दिसणारच! तो पर्याय काढा आणि स्केल हातानं ३२ टक्के ठेवा. रुंदी बरोबर १९२० भरते, उंची १२८० होते. तिथून ४० पर्यंत झूम केला तरी मूळ पिक्सेल भरपूर शिल्लक असतात. फक्त ३२ वर आडवं सरकवायला जागा शून्य, काळी पट्टी दिसणार. ४० वर रुंदी २४०० होते, म्हणजे दोन्ही बाजूंना २४० पिक्सेल मोकळे. तुमचे ७२० आणि १२०० नेमके कडेला टेकतात.

राहिला प्रीसेट. त्याच्या पोटातही कीफ्रेमच असतात, त्यामुळे वाट वक्र असेल तर तीही तशीच येते. दुरुस्त केलेली हालचाल स्वतःच प्रीसेट म्हणून सेव्ह करा आणि टाइपमध्ये ‘स्केल’ निवडा, म्हणजे क्लिपच्या लांबीप्रमाणे कीफ्रेम पसरतात. ‘अँकर टू इन पॉइंट’ (कीफ्रेम क्लिपच्या सुरुवातीपासून मूळ अंतरावरच ठेवणारा पर्याय) घेतलंत तर सहा सेकंदांची हालचाल चार सेकंदांच्या क्लिपवर अर्धवट तुटेल, आणि शेवटचा ईझ दिसणारच नाही.